शेवटच्या खोलीवरची कौलं

८ फेब्रुवारी

प्रिय मुंगे,

ठरलं एकदाचं. छप्पर उतरवायचं आणि नवं चढवायचं. आता कोणी मधे पडू नये. तूही नाही, आणि तुझे चिरंजीव तर मुळीच नाहीत.

फोनवर हे सांगता आलं असतं. पण फोनवर मला निम्मं ऐकू येतं आणि तू हल्ली बोलतेसही निम्मंच. मी काही विचारलं की नुसतं "हं… हं… बघू". म्हणून कागद पुढे ओढला. कागद हं-हं करत नाही.

तुझा मुलगा गेल्या पावसाळ्यात येऊन गेला ना, तेव्हा माझ्याच स्वयंपाकघरात उभा राहून, माझाच चहा पीत म्हणाला, "मामा, हे घर आता घर नाही, चाळण आहे. विकून टाका. तुमचं आणि आईचं दोघांचंही भलं होईल." नेमका त्याच वेळी एक थेंब त्याच्या बशीत पडला. छपराने भाच्याला साथ दिली, मला नाही! पण त्या थेंबानेच मी पेटलो. ज्या घरात बसून आपण दोघांनी कविता पाठ केल्या, ते घर चाळण म्हणवून घ्यायला मी अजून जिवंत आहे.

काल छप्परमिस्त्री येऊन वर चढून पाहून गेला. बोलणं तुटक, पण माणूस बरा. खाली उतरून कपड्यांवरची धूळ झटकत म्हणाला, "कौलं निम्मी बरी आहेत. कौलांखालच्या रिपा सगळ्या गेल्या. मधलं आढं या पावसाला टिकेल, असं मी लिहून देणार नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे तुम्ही खाली झोपता ना आजोबा? मग झोपू नका."

त्याच्या हुकुमानुसार मला आता घर तयार करायचं आहे. माळा पूर्ण रिकामा. भिंतींवरच्या तसबिरी, घड्याळ, आरसे खाली, कारण वर हातोडा पडला की भिंत हादरते. पाण्याची टाकी झाकायची. अंगणात कौलं रचायला जागा करायची. झाडाची कौलांवर आलेली फांदी छाटायची आणि शेजाऱ्यांना धुळीची आगाऊ कल्पना द्यायची. मी सगळ्याला हो म्हणालो. मास्तरांसमोर उभं राहिल्यासारखं वाटत होतं. फक्त छडी नव्हती.

आता तुझ्याकडून एकच उत्तर हवंय. माळ्यावर तुझी ट्रंक आहे, पायमोडकी आरामखुर्ची आहे आणि शिवणयंत्र आहे. ठेवायचं की देऊन टाकायचं?

आणि हो, सगळं छप्पर एका दमात झेपणार नाही. तेव्हा शेवटची खोली यंदा तशीच ठेवू. वर ताडपत्री टाकली की झालं. टिकली तर टिकली, नाहीतर पुढच्या वर्षी पाडून टाकू. तिथे कोण राहतं?

तुझा,
दादा

ता. क. छपरावर दोन ओळी सुचल्या आहेत:
छप्पर म्हणजे आभाळाशी केला माणसाने तह,
तू वरती रहा दिमाखाने, मला खाली राहू दे.
यमक जुळलेलं नाही, माहीत आहे. मिस्त्री गेल्यावर जुळवीन.


१९ फेब्रुवारी

दादा,

पत्र मिळालं. शिडीवर एकट्याने चढू नकोस. चढलासच तर वर गेल्यावर कविता म्हणू नकोस. तुला कविता म्हणताना डोळे मिटायची सवय आहे.

यमक जुळलं नाही तरी चालेल, आढं जुळायला हवं.

शेवटची खोली म्हणजे माझीच ना? की पलीकडची, लाकडं ठेवायची?

इथे सगळं ठीक आहे. नातू आता उंच झाला. दार बंद करून अभ्यास करतो. हॉल मोठा आहे, वारा छान येतो. सकाळी लवकर आवरावं लागतं, कारण लेकाचं ऑफिसचं बोलणं कॉम्प्युटरवर हॉलमध्येच सुरू होतं आणि मागे काही पसरलेलं दिसलेलं त्याला चालत नाही. हे पत्र सगळे बाहेर गेल्यावर स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी उभी राहून लिहितेय. अक्षर वेडंवाकडं आलंय, हसू नकोस.

घराबद्दल तो म्हणतो ते अगदीच वेड्यासारखं नाही, दादा. तू एकटा. वय झालं. तूही एकदा विचार कर.

माझ्या सामानाला आत्ता हात लावू नकोस. आहे तिथे असू दे.

मुंगी


२६ फेब्रुवारी

प्रिय मुंगे,

तुझीच खोली. लाकडांची खोली मागेच पडली, तुला कळवायचं राहून गेलं वाटतं.

आणि "आहे तिथे असू दे" हे उत्तर झालं का? अगं, "आहे तिथे" म्हणजे माळ्यावर, आणि माळ्यावरचं छप्परच जाणार आहे! मिस्त्रीने बजावून सांगितलंय: वीस मार्चच्या आत माळा रिकामा नसेल तर तो दुसरं काम धरणार आणि पावसाळा संपेपर्यंत इकडे फिरकणार नाही. म्हणजे आढं पडणार. आढं पडलं की घर गेलं, आणि घर गेलं की तुझ्या चिरंजीवांचं म्हणणं खरं. सरळ हिशेब आहे.

मी कामाला लागलोय. शिडीवरून उतरण्याची माझी एक युक्ती आहे. एका पायरीवर कवितेचा एक चरण. चढताना पहिलं कडवं, उतरताना दुसरं. पाऊल चरणावर पडतं, त्यामुळे घाई होत नाही आणि तोलही राहतो. अडचण एवढीच की मधेच एखादी ओळ आठवत नाही. मग मी पायरीवरच थांबतो. काल असा थांबलो असताना शेजारचे कर्नल कुंपणावरून ओरडले, "अहो, अडकलात का?"

"नाही, तिसरी ओळ आठवतोय!"

"खाली येऊन आठवा! पडलात तर चौथी आम्हाला म्हणावी लागेल!"

कर्नल म्हणजे सैन्यातले नव्हेत. मिशांमुळे गल्लीने दिलेली पदवी आहे ती. पण माणूस कामाचा. फांदी त्यांनीच छाटली आणि छाटताना मला लांब उभं केलं, गुरासारखं.

माळ्यावरून काय काय निघालं म्हणून सांगू! शाळेची वाकडी पट्टी, वाती नसलेले दोन कंदील, कोणाच्या तरी लग्नातली बिनदांड्याची छत्री. प्रत्येक वस्तूपाशी बसावंसं वाटतं. पट्टी हातात घेतली आणि आपला वर्ग दिसला. पुढच्या बाकावर तू, मागच्या बाकावर मी, आणि मास्तरांनी मला उभं केलं की तू मान न वळवता हळूच पुढची ओळ सांगायचीस. धाकटी असून वर्गात माझ्या बरोबरीला आली होतीस ना, तोच माझा मोठा अपमान आणि तोच मोठा आधार.

पण बसून चालणार नाही, हे मलाही कळतं. माळ्यावरचं सगळं मी तुझ्या खोलीत रचतोय. तीच एक रिकामी. तुझी ट्रंक मात्र वरच आहे. जड आहे आणि तुझा हुकूम नाही.

एक विचारतो. "विचार कर" असं तू लिहिलंस. हे तुझं म्हणणं की मुलाचं?

दादा


९ मार्च

मुंगे,

उत्तर नाही. परवा फोन केला तर मागे टीव्ही लागलेला आणि तू म्हणालीस, "हो, ठीक आहे, नंतर बोलू." ते नंतर अजून आलेलं नाही.

पाय जरासा मुरगळला आहे. काळजीचं कारण नाही. शिडीवरून पडलो नाही, अंगणात रचलेल्या कौलांवरून पाय सरकला. कर्नलांची सून लेप लावून गेली. काम थांबलेलं नाही. बसल्या बसल्या सुटी कौलं वाजवून बघतो. चांगलं कौल बोटाच्या पेराने वाजवलं की खणखणतं, तडा गेलेलं भद्द वाजतं. वरून दोन्ही सारखीच दिसतात.

तर मुंगे, मी तुलाही वाजवून बघतोय म्हण. घर दोघांच्या नावावर आहे. तुला विकायचं असेल तर तसं स्पष्ट लिही. तारीख टळावी म्हणून ट्रंकेचं उत्तर अडवून धरू नकोस. बहिणीने सरळ नाही म्हटलेलं मला सोसेल. बहिणीने गप्प राहून माझं छप्पर पाडलेलं नाही सोसणार.

वीस तारीख जवळ आली. मी ट्रंक उतरवणार आहे. हुकूम येवो न येवो.

दादा


१३ मार्च

दादा,

उतरव ट्रंक. पण आधी हे वाच.

मी हॉलमध्ये झोपते. नातवाला अभ्यासाला खोली हवी होती, ती माझी दिली. मीच दिली, कोणी मागितली नाही. मागायची वेळ येऊ नये म्हणून आधीच दिली. रात्री टीव्ही बंद झाला की दिवाण माझा. सकाळी सगळे उठायच्या आत गुंडाळायचं. माझे कपडे सुनेच्या कपाटात, एका कप्प्यात. सून वाईट नाही. लेकही वाईट नाही. जागाच नाही, त्याला कोण काय करणार? फोनवर मी हं-हं करते, कारण मी बोलते ते चार माणसं ऐकत असतात.

लेक म्हणतो, घर विकलं की मोठी जागा घेऊ आणि तुला तुझी खोली मिळेल. तो खोटं बोलत नाही, देईलही. मी ती खोली मनात मांडून पाहिली. खिडकी कुठे, पलंग कुठे. पाहिली म्हणून मला लाज वाटत नाही.

पण तू माझ्यावर आरोप करतोस की मी गप्प राहून तुझं छप्पर पाडतेय. माझं छप्पर कोणी पाडलं, दादा? तुझं पहिलं पत्र काढून वाच. माळा, टाकी, तसबिरी, फांदी, सगळ्यांची व्यवस्था लावलीस. यमकाचीसुद्धा काळजी केलीस. आणि माझी खोली दोन वाक्यांत निकालात काढलीस. ताडपत्री टाकू, पाडून टाकू. तिथे कोण राहतं?

कोणी राहत नाही. खरं आहे. मला येऊन किती वर्षं झाली. पण रात्री दिवाणावर आडवी झाले ना, की मी तिथे जाते. दाराची कडी उचलून आत. पश्चिमेची खिडकी, तिच्याखाली शिवणयंत्र. तिथे गेल्याशिवाय मला झोप लागत नाही. कोणाला सांगितलं नव्हतं.

म्हणून ट्रंकेला हात लावू नको म्हणाले. ट्रंकेत काही नाही रे. जुन्या चादरी आहेत. पण ती माळ्यावर आहे तोवर त्या घरात माझं काही तरी आहे.

आता तूच सांग. लेकाला मी "विकू नका" म्हणायचं ते कशासाठी? तुझ्या छपरासाठी? मला ना तिथे खोली, ना इथे. निदान विकलं तर इथे मिळेल.

पायावर जास्त उभा राहू नकोस.

तुझी बहीण


१७ मार्च

मुंगे,

पत्र काल दुपारी आलं. उभ्यानेच वाचलं. मग तुझ्या खोलीकडे गेलो.

आत जाता आलं नाही. दारापासून छतापर्यंत मीच रचलेलं सामान. तुझी पश्चिमेची खिडकी त्याच्यामागे. मी तिथे उभा राहिलो आणि मला एकही ओळ आठवली नाही. बरंच झालं. आठवली असती तर म्हणत बसलो असतो.

मी सरळ कर्नलांकडे गेलो. म्हणालो, "तुमची पडवी द्या."

"किती दिवस?"

"छप्पर होईपर्यंत."

"सामान किती?"

"सगळं."

कर्नलांनी मिशीवरून हात फिरवला आणि घरात हाक दिली, "अहो, पडवी मोकळी करा, शेजारचं घर येतंय!" त्यांची सून, मुलगा, समोरचा सुतार, सगळे आले. मी लंगडत मधे मधे करत होतो. शेवटी सुनेने मला स्टुलावर बसवलं आणि म्हणाली, "काका, तुम्ही फक्त बोट दाखवा." तिन्हीसांजेपर्यंत खोली रिकामी. मग ट्रंकही उतरवली. ती मात्र कर्नलांकडे नाही, माझ्या पलंगाच्या पायथ्याशी आहे. कुलूप तसंच.

आज सकाळी मिस्त्री पाहणीला आला. मी म्हणालो, "काम शेवटच्या खोलीपासून सुरू करायचं."

"आजोबा, ती तर सोडायची होती."

"ती पहिली करायची."

"मग पुढचं लाकूड पुरणार नाही. तुमची ओसरी आणि बैठकीची खोली राहील."

"राहू दे. तिथे ताडपत्री टाका."

"आणि तुम्ही झोपणार कुठे?"

"स्वयंपाकघरात. आढं बदलल्यावर ते घराचं सगळ्यात भक्कम ठिकाण होईल, तुम्हीच म्हणालात."

तो म्हणाला, "त्या दिवशी शेवटची, आज पहिली. घरात कोणी येणार आहे का?"

मी म्हणालो, "घरात एकजण राहते. मला माहीत नव्हतं."

तू इकडे ये, असं मी लिहिणार नाही. तसं लिहिलं तर पुन्हा मीच ठरवल्यासारखं होईल. तू लेकाला काय सांगावंस, तेही नाही सांगणार. खोली तुझी आहे. येणं तुझं, न येणंही तुझं. विकायचं ठरवलंस तर नव्या कौलांसकट विक, मी सही करीन. पण तुझ्या डोक्यावरचं छप्पर आधी होणार. त्यात बदल नाही.

दादा


२३ मार्च

मुंगे,

घाईत लिहितोय. वर ठोकाठोक आहे आणि शाईत धूळ पडतेय.

तुझ्या खोलीवरची कौलं उतरली. रिपा उतरल्या. मिस्त्रीने मला आत बोलावून वर दाखवलं. भिंतीला टेकलेला वासा वाळवीने आतून पोकळ केलेला. त्याने पहारीचं टोक नुसतं लावलं तर ते पार आत गेलं. ताडपत्री टाकून वर्षभर ठेवली असती तर खोली बसलीच असती. मी जाऊन बाहेरच्या पायरीवर बसलो. त्याने पाणी आणून दिलं.

आता नवा वासा चढला आहे. खोली चारी भिंतींनिशी उभी आहे आणि वर काही नाही. कपाटामागच्या भिंतीवर तुझ्या वेळचा हिरवा रंग अजून तसाच आहे. कपाट हलवल्याबरोबर दिसला. दुपारी ऊन थेट जमिनीवर येतं. त्या जमिनीने ऊन असं कधी पाहिलेलं नसेल.

मिस्त्रीला पुढे तीन गोष्टींची उत्तरं हवी आहेत. वर कौलं की पत्रा? पत्रा लवकर होतो आणि गळत नाही. छपरात काचेचं कौल बसवायचं का, बसवायचं तर कुठे? आणि आतून फळ्यांचं छत हवं की उघडे वासे? मी म्हणालो, मालकिणीला विचारतो. तो म्हणाला, "विचारा. तोवर मी स्वयंपाकघराकडची बाजू उघडतो. पण फार दिवस थांबवू नका, उघडी खोली म्हणजे उघडं तोंड."

आधीच्या पत्राचं उत्तर दिलं नाहीस तरी चालेल. एवढ्या तिन्हींचं दे.

दादा


२८ मार्च

दादा,

तुझी दोन्ही पत्रं पोचली. पहिलं मी चार दिवस पदरात बांधून फिरले. दुसरं आलं त्या रात्री जेवताना लेकाला म्हणाले, "घर विकायचं नाही."

तो म्हणाला, "आई, मामांचं डोकं फिरलंय, आता तुझंही?"

मी म्हणाले, "फिरलेलं नाही, ताळ्यावर आलंय. माझ्या खोलीवर कौलं चढतायत."

"तिथे तू एकटी काय करणार?"

"एकटी कुठे? तुझा मामा आहे. आणि शिवणयंत्र आहे."

"आणि आम्ही मोठी जागा घेतली की?"

"घ्या की. मी पाहुणी येईन. पाहुणीला दिवाण चालतो."

तो ताटावरून उठला नाही, पण पुढे जेवलाही नाही. त्याला वाईट वाटलं. मलाही वाटलं, पण म्हणून शब्द मागे घेतला नाही. सून थोड्या वेळाने ओट्यापाशी आली आणि म्हणाली, "तुमचा कप्पा मी रिकामा ठेवते. कोणाला देणार नाही." मग आम्ही दोघींनी भांडी घासली. दुसऱ्या दिवशी लेकच म्हणाला, "तिकीट मी काढतो, तू रांगेत उभी राहू नकोस." अजून नीट बोलत नाही, पण स्टेशनवर सोडायला येणार आहे.

आता मिस्त्रींची उत्तरं.

कौलंच. पत्रा नको. पत्र्याखाली उन्हाने माणूस भाजतं, आणि मला दुपारची झोप हवी आहे. पुष्कळ वर्षांची राहिली आहे.

फळ्यांचं छत नको. वासे दिसू देत. कुठे काय पोखरतंय ते खालून कळलेलं बरं.

काचेचं कौल हवं. कुठे ते पत्रात सांगता येणार नाही, येऊन बोटाने दाखवीन. तोवर त्या बाजूला रिपा मारू देऊ नकोस. मिस्त्री कुरकुरले तर त्यांना सांग, मालकीण बुधवारी दुपारच्या गाडीने येतेय. भांडायचं असेल तर तिच्याशी भांडा.

तू ओसरीवर ताडपत्री टाकून स्वयंपाकघरात झोपणार, ही कल्पना मला मुळीच पसंत नाही. त्याचं आल्यावर बघू. लाकूड कसं पुरत नाही तेच बघते.

आणि दादा, पाऊस यायला अजून अवकाश आहे. मी पोचेपर्यंत माझी खोली झाकू देऊ नकोस. एकदा जमिनीवर चादर टाकून मला तिथे उताणं पडायचं आहे. आपल्याच खोलीत, दार लावून, वर सगळं आभाळ.

मग झाका.

मुंगी